वारा, वेग आणि नियमाचे पुस्तक



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची समजूत होती. ज्याचा जन्म युनियनच्या कचेरीत करारांची कलमे वाचण्यात गेला, त्याने दुसरे काय बोलावे? आम्ही विषय कळवला तो शर्यतीच्या मोटारींचा. चिटणीसांनी पुन्हा फोन करून विचारले, "भाऊ, विषय बरोबर ऐकला ना आम्ही?" बरोबरच ऐकला होता.

आमच्या कचेरीत संध्याकाळी शिकाऊ मुले येतात. रविवारी ती फॉर्म्युला वनच्या शर्यती पाहतात, आणि सोमवारी त्यांच्यात वाद होतो. एकदा वाद अमुक गाडीचा पंख कायदेशीर की बेकायदेशीर यावर जुंपला. 'कायदेशीर' हा शब्द कानावर पडला की आम्हांला राहवत नाही. आम्ही विचारले, "नियम कोठे लिहिला आहे?" मुलांनी या शर्यतींचे नियमपुस्तक काढून दाखवले. दीडशेहून अधिक पाने, आणि प्रत्येक पानावर मिलिमीटर! आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे इंग्रजी आम्ही स्टँडिंग ऑर्डर्स आणि कोर्टाचे निकाल वाचून शिकलो. त्या शिदोरीवर आम्ही हे पुस्तक वाचू लागलो, आणि ओळखीच्या गल्लीत शिरल्यासारखे वाटले. नियम कसा लिहितात, कसा पाळतात आणि पाळून कसा मोडतात, हाच आमचा जन्मभराचा धंदा. म्हणून आज हा विषय.

आधी वाऱ्याचे दोन शब्द. कागदाचे दोन तुकडे तोंडासमोर जवळजवळ धरा आणि मधून जोराने फुंका. ते दूर जातील असे वाटते, पण ते एकमेकांकडे ओढले जातात. हवा अरुंद वाटेने वेगाने गेली की तिचा दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा दोन्ही बाजूंनी दाबते. वळिवाच्या वादळात घराचे पत्रे उडतात, त्याच्या मुळाशीही हा दाबाचा फरक असतो. विमानाचा पंख याच फरकावर विमान उचलून धरतो. शर्यतीच्या मोटारीला पंख असतो, पण उलटा. तो गाडीला जमिनीवर दाबतो. गाडी दाबली गेली की चाके रस्ता घट्ट धरतात, आणि वळणावर वेग तितका कमी करावा लागत नाही. वजन वाढवूनही चाके दाबता येतील, पण वजनाने गाडी मंदावते. वारा वजन न वाढवता दाबतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. आजच्या गाड्यांत पूर्ण वेगाला तो गाडीच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भरतो.

फॉर्म्युला वनमध्ये हे पंख १९६८ साली दिसू लागले. उंच, बारीक काठ्यांवर उभे केलेले, आणि काही थेट चाकांच्या आधारांना जोडलेले. १९६९ साली बार्सिलोनाच्या मोंजुईक येथील शर्यतीत लोटस कंपनीच्या दोन्ही गाड्यांचे मागचे पंख धावता धावता मोडले. ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट हे दोघेही कठड्यावर आदळले. जीव वाचले, पण लगेच पुढच्या मोनॅको शर्यतीत, सराव सुरू झालेला असताना, मंडळाने उंच पंखांवर बंदी घातली. पुढे पंख परत आले ते ठरलेल्या मापात आणि गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेले. वाऱ्यावर काम करणारा कोणताही भाग हलता असू नये, हा दंडक तेव्हापासूनचा. साधा, सरळ नियम. पण श्रोतेहो, साधा नियम हुशार माणसाला जितका आवडतो, तितका दुसऱ्या कोणालाही आवडत नाही.

१९७७-७८ साली लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीच्या पोटाचाच पंख केला. बाजूंना झालरी सोडल्या, म्हणजे बाहेरची हवा आत शिरू नये. गाडी रस्त्याला जळवेसारखी चिकटली, आणि १९७८ चे विजेतेपद मारिओ आंद्रेती यांनी त्याच गाडीवर मिळवले. प्रतिस्पर्धी ब्रॅबम संघापुढे प्रश्न पडला. त्यांचे इंजिन इतके रुंद होते की पोटाखाली तशी वाट काढायला जागाच नव्हती. तेव्हा त्यांचे आरेखक गॉर्डन मरे यांनी गाडीच्या मागे एक मोठा पंखा बसवला. आपल्या घरात छताला असतो तसा फिरता पंखा. तो गाडीखालची हवा ओढून मागे फेकी, आणि गाडी उभी असतानासुद्धा खाली दबे.

आता नियम काय? वाऱ्यावर काम करणारा हलता भाग नको. पंखा तर हलतोच! ब्रॅबमचे उत्तर असे: पंखा इंजिन थंड करण्यासाठी आहे. रेडिएटर इंजिनावर आडवा ठेवला आहे, आणि पंख्याची निम्म्याहून अधिक हवा त्यातून जाते. म्हणजे मुख्य हेतू थंड करण्याचा. गाडी खाली दबते, तो केवळ जोडपरिणाम! १७ जून १९७८ रोजी स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे निकी लाउडा यांनी ती गाडी पळवली आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने शर्यत जिंकली. पंख्यातून अंगावर खडे येतात, अशी मागच्यांची तक्रार. मोठा गदारोळ झाला. अखेर तो विजय कायम राहिला, पण गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

पंख्याची ही गोष्ट वाचली, आणि आमच्या डोळ्यांपुढे दुसरेच पंखे उभे राहिले. पंचवीसएक वर्षे झाली असतील. एका कारखान्याच्या फेटलिंग खात्यात, जेथे ओतीव माल घासून साफ करतात, धुळीने माणूस दिसत नसे. आम्ही भांडलो, आणि करारात कलम घातले : 'खात्यात धूळ ओढून नेणारे सहा पंखे बसवण्यात येतील.' कलम आमच्या हातचे, अक्षरही आमचे. पंखे आले, हार घातले, नारळ फुटला, पेढे वाटले. महिन्याभरात स्विचच्या पेटीला कुलूप लागले. वीज फार जाते म्हणे. इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी पंखे फिरत. आम्ही तावातावाने व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी करार काढला आणि कलमावर बोट ठेवले, "बसवले आहेत की नाही?" बसवले होते. 'चालवले जातील' असे आम्ही लिहिलेच नव्हते. खात्यातले एक वडीलधारे कामगार आम्हांला म्हणाले, "भाऊ, पंखे चांगले आहेत. पण तेही बसूनच आहेत." आम्ही हसलो, पण त्या रात्री झोप आली नाही. पुढचा करार तीन वर्षांनी झाला. त्यात लिहिले, 'पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत चालू राहतील, आणि स्विच खात्यातील कामगारांच्या हाताशी राहील.' त्या तीन वर्षांची धूळ कोणाकोणाच्या छातीत गेली, त्यांची नावे आम्हांला पाठ आहेत. लबाडी त्यांची खरी, पण फट आमच्या लेखणीने ठेवली होती.

आता १९८१ सालाकडे चला. वळणांवरचा वेग इतका वाढला की मंडळाला काळजी वाटू लागली. झालर अडकली किंवा तुटली, की खालची ओढ एका क्षणात नाहीशी होई, आणि गाडी वळण सोडून सरळ जाई. म्हणून नवा नियम आला. सरकत्या झालरी बंद, आणि गाडीचा तळ जमिनीपासून सहा सेंटिमीटर वर हवा. पण हे सहा सेंटिमीटर मोजायचे कोठे? धावत्या गाडीखाली पट्टी कोण धरणार? म्हणून मोजणी गाडी परत आल्यावर, उभी असताना.

गॉर्डन मरे यांना एवढे पुरे होते. त्यांनी चाकांच्या आधारांत हवा आणि तेल यांची अशी योजना केली की, वेग वाढला की वाऱ्याच्या दाबाने गाडी हळूहळू खाली बसे आणि खालीच राही. शर्यत संपल्यावर चालक सावकाश एक फेरी मारी. तेवढ्यात गाडी आपोआप वर येई, आणि तपासनिसासमोर सहा सेंटिमीटर बरोबर भरत. इतरांनी तक्रारी केल्या, आणि तक्रारी फेटाळल्या गेल्यावर इतरांनीही तीच युक्ती उचलली. त्या वर्षीचे विजेतेपद ब्रॅबमच्या नेल्सन पिके यांना मिळाले.

तपासणीच्या दिवशी यंत्राला लोखंडी जाळी लावायची, आणि तपासनीस फाटकाबाहेर गेला की काढून ठेवायची, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. नियम पाळला जातो तो जेथे मोजला जातो तेथे, आणि जेव्हा मोजला जातो तेव्हा. उभ्या गाडीला लावलेला नियम उभी गाडीच पाळते.

तुम्ही म्हणाल, मग नियमाचे अक्षर सोडा आणि हेतू पाहा. हेतूच्या विरुद्ध वागेल त्याला शिक्षा करा. ऐकायला गोड आहे, पण येथे आम्ही तुम्हांला सावध करतो. हेतू सांगणार कोण? ज्याच्या हातात अधिकार, तो. आमच्या लोकांनी कधी 'नियमानुसार काम' हे आंदोलन केले, म्हणजे नियमपुस्तकात लिहिले तेवढेच आणि तसेच काम केले, की मालक म्हणे, "हे नियमाच्या भावनेविरुद्ध आहे." आणि वर्षात २४० दिवस भरले की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली काही संरक्षण मिळे, म्हणून दिवस भरत आले की माणसाला घरी बसवणारा तोच मालक छापील अक्षरावर बोट ठेवी. दुबळ्याच्या हातात अक्षराखेरीज दुसरे काय असते? म्हणून अक्षराचा अपमान आम्ही करणार नाही.

शर्यतीच्या जगातही असा प्रसंग आला. गाडीच्या मागे वाऱ्याचा असा गोंधळ उठतो की मागच्या गाडीचे पंख नीट काम करत नाहीत, आणि तिला पुढे निघता येत नाही. तो कमी व्हावा म्हणून २००९ साली पंख आणि तळ यांची मापे बदलली. तळाचा मागचा भाग वर चढत जातो, त्याला डिफ्यूझर म्हणतात. खालची हवा त्यातूनच बाहेर पडते. त्याची उंची ठरवून दिली. तेव्हा ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तीन संघांनी नियम वाचून पाहिले की, तळाच्या दोन पातळ्यांच्या मधल्या फटीतून हवा वर नेली, तर वर दुसरा डिफ्यूझर करता येतो. गमावलेला जोर बराचसा परत आला. बाकीचे संघ ओरडले, 'हे नियमाच्या हेतूविरुद्ध आहे!' प्रकरण अपील न्यायालयात गेले. १५ एप्रिल २००९ रोजी निकाल लागला की गाड्या नियमात बसतात. ब्रॉनच्या जेन्सन बटन यांनी त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले, आणि २०११ पासून नियम बदलून ती फट बुजवण्यात आली.

आमच्या मते हा निकाल योग्य होता. ज्याने नियम नीट वाचला त्याला मागाहून चोर ठरवू नये. नियम सुधारावा तो पुढच्यासाठी, उघड, सर्वांना आधी सांगून. खेळ संपल्यावर नियम फिरवणे हे खेळातही वाईट, आणि कारखान्यात तर फारच वाईट.

मग नियम करावा तरी कसा? याचे एक फार चांगले उदाहरण याच खेळात आहे, पण त्याची किंमत जबर पडली. १९९४ साली इमोला येथे ३० एप्रिलला रोलांड रात्सेनबर्गर गेले. त्यांच्या गाडीचा पुढचा पंख वेगात मोडला होता. दुसऱ्या दिवशी आयर्टन सेना गेले. त्याच मोसमात गाड्यांच्या पोटाला दहा मिलिमीटर जाडीची एक फळी बसवणे सक्तीचे झाले. शर्यतीनंतर ती नऊ मिलिमीटरपेक्षा कमी भरता कामा नये. गाडी फार खाली आणली की फळी रस्त्याला घासते आणि झिजते. म्हणजे तपासनीस शर्यतीत हजर नसला तरी फळी हजर असते. सारी शर्यत ती अंगावर लिहून आणते! त्याच वर्षी बेल्जियममध्ये मिखाएल शूमाखर पहिले आले, आणि फळी झिजलेली निघाली म्हणून बाद झाले. २०२३ साली ऑस्टिन येथे लुइस हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर बाद झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लास वेगास येथे मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या त्याच कारणाने बाद झाल्या. हेतू कोणी विचारला नाही. फळी मोजली, कमी भरली, विषय संपला. सहा सेंटिमीटरचा नियम उभ्या गाडीचा होता, फळीचा नियम धावत्या गाडीचा आहे. दोन्ही मिलिमीटरचेच, पण एकात पळवाट आणि दुसऱ्यात साक्षीदार.

मुलांचा तो पंखाचा वाद आता कळेल. पंख वेगात वाकू नये असा नियम आहे. पण जगात न वाकणारी वस्तू नाही. म्हणून पंखावर ठरलेला भार टाकून तो किती वाकतो हे मोजतात. पुढच्या पंखासाठी ही मर्यादा पंधरा मिलिमीटर होती, ती २०२५ साली स्पेनच्या शर्यतीपासून दहा करण्यात आली. अर्थात मोजणी पुन्हा उभ्या गाडीवर! चाचणीत ताठ राहील आणि वाऱ्यात हवा तसा लवेल, असा पंख घडवण्यात मोठमोठे अभियंते झिजतात. आम्ही त्यांना लबाड म्हणत नाही. कार्बनचे धागे कोणत्या दिशेने घातले म्हणजे पंख कोणीकडे लवेल, हे जाणणाऱ्या कारागिराला आमचा नमस्कारच आहे. पण वाद का मिटत नाही, ते या 'उभ्या' शब्दात आहे.

आता शेवटची आणि आमच्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट. एवढा वेळ आपण गाडी, पंख आणि पट्टी यांविषयी बोललो. गाडीत एक माणूस बसलेला असतो, त्याला कोणी विचारले का?

१९८२ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे चालकांपुढे परवान्याचा नवा कागद आला. चालकाला आपल्या संघाशी बांधून टाकणारी आणि त्याच्या तोंडाला कुलूप घालणारी कलमे त्यात होती. निकी लाउडा यांनी कागद नीट वाचला. वाचणारा एक जरी निघाला तरी पुष्कळ होते! लाउडा आणि दिदिए पिरोनी यांच्या पुढाकाराने चालक एका बसमध्ये बसून जोहान्सबर्गच्या हॉटेलात गेले. एकेकाला गाठून फोडू नये म्हणून सारे एकाच दालनात गाद्या टाकून झोपले. एलिओ दे आंजेलिस पियानो वाजवत होते. एकाने मध्येच साथ सोडली. असा एक प्रत्येक संपात असतोच. दुसऱ्या दिवशी तडजोड झाली आणि शर्यत पार पडली. मागाहून दंड झाले, तेही आम्हांला अपरिचित नाहीत. लक्षाधीश चालकांचा संप म्हणून कोणी हसेल. आम्हांला हसू आले नाही. त्या गाड्यांना वाऱ्याच्या जोरासाठी आधार इतके ताठ केले होते की प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यात उतरे. हे सांगणाऱ्याचेच तोंड बंद करायचे, मग नियम सुधारणार कोण? पोटाखालची ती ओढ पुढच्याच वर्षी, १९८३ साली, सपाट तळाची सक्ती करून तोडण्यात आली.

चाळीस वर्षांनी, २०२२ साली, नव्या नियमांनी ती ओढ परत आणली, म्हणजे गाड्यांना एकमेकींच्या मागे जवळून धावता यावे. हेतू चांगला. पण गाडी खाली ओढली गेली की तळाची वाट चोंदे, ओढ तुटे, गाडी वर उसळे, आणि पुन्हा खाली ओढली जाई. सरळ रस्त्यावर गाडी डॉल्फिनसारखी उड्या मारत जाई. त्या जूनमध्ये बाकूच्या शर्यतीनंतर हॅमिल्टन पाठ धरून कसेबसे गाडीतून उतरले. काही प्रतिस्पर्धी म्हणाले, "त्रास होतो तर त्यांनी गाडी वर उचलावी, वेग थोडा जाईल." अहो, वेग घालवून माणसाची पाठ वाचवणारा मालक शर्यतीच्या जगात तरी कोठून आणायचा? एकट्याने सोसायचा तोटा कोणी सोसत नाही. नियम सर्वांना सारखा लागला, तरच भला मालकही भला राहू शकतो. चालकांनी एकमुखाने तक्रार केली. तेव्हा ऑगस्टमध्ये बेल्जियमपासून धावत्या गाडीत बसणाऱ्या उभ्या हिसक्यांची मोजणी सुरू झाली, आणि २०२३ साली तळाच्या कडा पंधरा मिलिमीटर वर घेण्यात आल्या. प्रथमच पट्टी गाडीवरून सरकून माणसाच्या पाठीजवळ आली, आणि ती आणली बोलणाऱ्यांनी.

आता २०२६ पासून सारे नियम पुन्हा नवे झाले आहेत. गाडीची कमीत कमी वजनमर्यादा ८०० किलोंवरून ७६८ वर आली, रुंदी दहा सेंटिमीटरने घटली. आणि ज्या हलत्या पंखांना १९६९ नंतर बंदी होती, ते आता नियमानेच हलतात. २०११ पासून फक्त मागच्या पंखाची एक पट्टी उघडता येई. आता सरळ रस्त्यावर पुढचा आणि मागचा दोन्ही पंख उघडतात आणि वळणावर मिटतात. त्यात फटी असतील का? असतील. नियम माणसाने लिहिला आहे. फट सापडेल, गदारोळ होईल, मग फट बुजेल.

म्हणून आम्ही शिकाऊ मुलांना सांगतो, "गाडी कोणाची जिंकली याबरोबर मोजणी कोठे झाली हेही विचारा." उद्या त्यांच्यातले कोणी करार लिहायला बसतील. धूळ मोजायची ती साहेबांच्या खोलीत की यंत्रापाशी? उष्णता मोजायची ती सकाळी सातला की भर दुपारी? हे त्यांनी कलमात लिहावे, आणि लिहिण्यापूर्वी जो तेथे उभा राहतो त्याला विचारून घ्यावे. आमच्या लेखणीतून सुटलेला एक शब्द तीन वर्षे महाग पडला. त्यांच्या लेखणीतून तो सुटू नये, एवढ्यासाठीच हा शर्यतीचा खटाटोप.